स्वीडनमधली सरकारी दारू-मक्तेदारी: ती कशी उभी राहिली आणि कुठे डळमळली

प्रश्न असा आहे: सरकारने दारूची किरकोळ विक्री स्वतःच्या ताब्यात घेतली तर लोकांचे पिणे खरोखर कमी होते, की फक्त गल्ला सरकारकडे जातो? या चर्चेत स्वीडनच्या सिस्टेमबोलागेत या सरकारी कंपनीचा दाखला हमखास दिला जातो. ती नेमकी कशी घडली?

आधी थोडक्यात उत्तर देतो. दुकान कोणाच्या मालकीचे आहे यावर फारसे काही ठरत नाही. जास्त बाटल्या विकल्या गेल्या तर दुकान चालवणाऱ्याच्या आणि त्याच्या मालकाच्या पदरात काय पडते, यावर सगळे ठरते. स्वीडनमध्ये ही गोष्ट १८५० च्या सुमारास काही लोकांच्या लक्षात आली, पण ती नीट अमलात यायला आणखी शंभर वर्षे गेली. मधल्या काळात नफ्याची ओढ तीन-चार वेळा मागच्या दाराने परत आली आणि प्रत्येक वेळी नव्याने दुरुस्ती करावी लागली. त्यामुळे ‘स्वीडनमध्ये सरकारी दुकाने आहेत म्हणून तिथे सगळे आलबेल आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणती दुरुस्ती कशासाठी झाली हे पाहिल्याशिवाय त्यातून काही शिकता येत नाही.

सुरुवात अठराव्या शतकातून करावी लागते. राजा गुस्ताव तिसरा याने १७७५ मध्ये दारू गाळण्याचा हक्क राजसत्तेकडे घेतला आणि सरकारी भट्ट्या काढल्या. हेतू उघडउघड तिजोरी भरण्याचा होता. पण ब्रेनविन ही धान्याची कडक दारू शेतकरी घरोघरी गाळत होते आणि तो हक्क सोडायला कोणी तयार नव्हते. असंतोष इतका वाढला की दहा-बारा वर्षांत हा प्रयोग गुंडाळावा लागला. सरकारी मक्तेदारीचा हा पहिला अवतार केवळ महसुलासाठी होता आणि तो टिकला नाही. पुढे घरगुती गाळपाला मोकळीक मिळाली, बटाट्यापासून दारू काढणे स्वस्त झाले आणि १८२९ च्या सुमारास देशात नोंदलेल्या भट्ट्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्या वेळी स्वीडनची लोकसंख्या तीस लाखांच्या आतबाहेर होती, हे लक्षात घ्या.

याची प्रतिक्रिया म्हणून दारूबंदी आणि मद्यनियंत्रणाच्या चळवळी उभ्या राहिल्या. फालून या तांब्याच्या खाणींच्या गावात १८५० मध्ये एक वेगळी व्यवस्था सुरू झाली. दारूविक्रीचा सगळा हक्क एकाच कंपनीला द्यायचा आणि होणारा नफा सार्वजनिक कामांना लावायचा. १८५५ च्या कायद्याने घरगुती गाळप बंद झाले. त्याच कायद्याने गावांना आणि शहरांना दारूविक्री अशा कंपनीकडे सोपवण्याची मुभा मिळाली.

या मुभेचा पुरेपूर उपयोग गोथेनबर्गने केला. १८६५ मध्ये शहरातल्या वाढत्या दारिद्र्याची चौकशी झाली. गुत्तेदार आपल्या फायद्यासाठी मजुरांना पाजतात, उधारीवर देतात, गहाण ठेवून घेतात, हे त्यात पुढे आले. मग शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींनी एक कंपनी काढली आणि कडक दारूचे परवाने तिच्या नावावर घेतले. तिचे नियम बारकाईने पाहण्यासारखे आहेत. भागधारकाला गुंतवणुकीवर नेहमीचे पाच-सहा टक्के व्याज मिळेल, त्याहून एक पैसाही जास्त नाही. गुत्ता चालवणाऱ्या व्यवस्थापकाला ठरलेला पगार मिळेल आणि दारूच्या विक्रीवर कमिशन मिळणार नाही, मात्र जेवण, कॉफी आणि बिनअल्कोहोलच्या पेयांवरचा नफा तो स्वतः ठेवू शकेल. उधारी बंद. जागा स्वच्छ, उजेडाची हवी आणि गरम जेवण उपलब्ध हवे. गिऱ्हाईक जेवले तर व्यवस्थापकाचा फायदा, प्याले तर काहीच नाही. व्यवस्थेचे मर्म या एका नियमात होते.

याच सुमारास मुंबई इलाख्यात नेमकी उलटी पद्धत रुजत होती, म्हणून तुलना उद्बोधक आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली दारू गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ता जास्त रक्कम देणाऱ्याकडे जाई. मक्तेदाराने सरकारला दिलेली रक्कम वसूल करायची म्हणजे जास्तीत जास्त दारू खपवायची. दोन्हीकडे मक्तेदारीच होती. गोथेनबर्गमध्ये मक्तेदाराचा हात बांधलेला होता आणि मुंबईत त्याला पुढे ढकलले जात होते.

गोथेनबर्गचे नाव युरोपभर झाले. ब्रिटनमधले जोसेफ चेंबरलेन स्वतः तिथे जाऊन आले आणि १८७७ मध्ये त्यांनी ही पद्धत इंग्लंडात आणण्याचा ठराव पार्लमेंटपुढे मांडला. तो फेटाळला गेला. नॉर्वेने १८७१ च्या कायद्याने तशाच कंपन्यांना वाट करून दिली. पण खुद्द स्वीडनमध्ये दोन भोके उघडी राहिली होती. एक म्हणजे हा नियम फक्त कडक दारूला लागू होता आणि बिअर त्यातून सुटली होती. दुसरे भोक जास्त घातक ठरले. व्यक्तीचा नफा बंद केला, तरी कंपनीचा उरलेला नफा शहराच्या तिजोरीत जाऊ लागला. रस्ते, दिवाबत्ती, शाळा यांचा खर्च या पैशावर चालू लागला, स्थानिक कर कमी ठेवता आले आणि नगरसेवकांनाच दारूच्या खपाची गोडी लागली. गुत्तेदाराच्या जागी नगरपालिका आली. नशाविरोधी मंडळींनी पुढची पन्नास वर्षे याच मुद्द्यावर टीका केली आणि ती रास्त होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पारडे पूर्ण दारूबंदीकडे झुकले होते. १९०९ च्या सार्वत्रिक संपात दारूविक्री काही आठवडे बंद राहिली. तेवढ्यात चळवळीने स्वतःच देशभर कौल घेतला आणि सुमारे १९ लाख प्रौढांनी बंदीच्या बाजूने सही केली. याच वेळी ईवान ब्रात हा स्टॉकहोममधला डॉक्टर पुढे आला. पूर्ण बंदी घातली तर चोरटी दारू माजेल आणि शहरातले लोक कायदा धाब्यावर बसवतील, असे त्याचे मत होते. त्याची मांडणी दोन खांबांवर उभी होती. पहिला, विक्रीच्या साखळीत कोणाचाही खासगी नफा उरता कामा नये, आणि नगरपालिकेचाही नाही. दुसरा, सगळ्यांवर एकच बंदी घालण्याऐवजी प्रत्येक माणसाच्या खरेदीवर वेगळी नजर ठेवायची. १९१३ मध्ये स्टॉकहोमची विक्री कंपनी या तत्त्वांवर उभी राहिली. १९१४ पासून तिथे ‘मोटबुक’ सुरू झाले आणि १९१७ च्या कायद्यानंतर ही पद्धत १९१९ पासून देशभर लागू झाली. आयात, ठोक विक्री आणि उत्पादन एकवटण्यासाठी १९१७ मध्येच वेगळी केंद्रीय कंपनी काढण्यात आली.

मोटबुक म्हणजे दारूचे रेशनकार्ड. ते मिळवायला अर्ज करावा लागे. कंपनीचे तपासनीस अर्जदाराचे उत्पन्न, कर भरला आहे का, पोलिसांत नोंद आहे का, गरीब साहाय्य घेतो का, राहणीमान कसे आहे, हे सगळे पाहत. पुस्तक मिळाले तरी खरेदी एकाच ठरलेल्या दुकानातून करायची आणि प्रत्येक बाटलीची नोंद व्हायची. कोटा फक्त कडक दारूला होता, वाईनला मोजमाप नव्हते. सुरुवातीला महिन्याला जास्तीत जास्त ४ लिटर मिळत, पुढे कमाल ३ लिटर झाले. ही कमाल होती, हक्क नव्हे; कितीतरी लोकांना त्याहून बरेच कमी मिळे. मजुराला, अविवाहित तरुणाला, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला कात्री लागायची आणि प्रतिष्ठित घरमालकाला पूर्ण कोटा मिळायचा. लग्न झालेल्या बाईला स्वतःचे पुस्तक मिळत नसे, कारण घराला एकच पुस्तक आणि ते नवऱ्याच्या नावावर. एकट्या राहणाऱ्या स्त्रीला पुस्तक मिळाले तरी कोटा तुटपुंजा असे. हॉटेलातही मोजून ओतायचे. जेवण घेतल्याशिवाय कडक दारू नाही. पुरुषाला साधारण १५ सेंटिलिटर आणि बाईला त्याच्या निम्मी.

१९२२ च्या २७ ऑगस्टला पूर्ण बंदीवर सार्वमत झाले. स्वीडनमधले हे पहिलेच राष्ट्रीय सार्वमत. पुरुष आणि स्त्रियांच्या मतपत्रिका वेगळ्या मोजल्या गेल्या. बहुसंख्य स्त्रियांनी बंदी हवी म्हटले, बहुसंख्य पुरुषांनी नको म्हटले, आणि एकूण निकाल बंदीविरुद्ध ५१ टक्के, बाजूने ४९ टक्के असा निसटता लागला. मोटबुकने बंदीवाल्यांची हवा काढून घेतली नसती, तर स्वीडनही फिनलंड आणि अमेरिकेच्या वाटेने गेला असता असे मला ठामपणे वाटते. फिनलंडने १९१९ ते १९३२ बंदी अनुभवली, चोरट्या स्पिरिटने देश भरला, आणि १९३२ मध्ये त्यांना आल्को ही सरकारी कंपनी काढूनच सुटका करून घ्यावी लागली. नॉर्वेची व्हिनमोनोपोलेत १९२२ ची. तिच्या जन्मामागे तर मासळीचा व्यापार आहे. ज्या देशांना नॉर्वेची मासळी विकायची, त्या वाईन पिकवणाऱ्या देशांनी ‘आमची वाईन घेणार नसाल तर तुमची मासळी नको’ असा दबाव आणला.

मोटबुकचे काय बिघडले? दोन गोष्टी. कोटा ठरला की लोक त्याला आपला हक्क समजू लागले. ज्याला महिन्याला एक लिटर पुरत असे तोही तीन लिटर उचलायचा आणि उरलेले शेजाऱ्याला, पाहुण्याला, नाहीतर चढ्या भावाने विकायचा. म्हणजे कमाल मर्यादाच हळूहळू सरासरी बनू लागली. दुसरे, माणसाची लायकी कारकून ठरवतो ही गोष्ट लोकशाहीला पचत नव्हती. लाखो खात्यांची नोंद ठेवणारी, शेजाऱ्यांकडे चौकशी करणारी ती यंत्रणा अवाढव्य आणि अपमानास्पद होती. स्त्रियांवरचा अन्याय तर उघड होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या चौकशी समितीने ती मोडीत काढण्याची शिफारस केली.

१ ऑक्टोबर १९५५ ला मोटबुक बंद झाले आणि वेगवेगळ्या भागांतल्या विक्री कंपन्या एकत्र करून एकच सरकारी कंपनी झाली. तीच आजची सिस्टेमबोलागेत. वय २१ पूर्ण, माणूस नशेत नाही आणि पुढे कोणाला देण्यासाठी घेत नाही, एवढे असले की कितीही घ्या. पहिल्या काही महिन्यांत खप उसळला, रस्त्यावर नशेत पकडल्या जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. सरकारने १९५६ पासून पाठोपाठ कर वाढवून त्याला लगाम घातला. माझ्या मते या शंभर-दीडशे वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच: व्यक्तीवरचा कोटा काढला तेव्हा त्याची जागा किमतीने घेतली, आणि किंमत बदलणे सरकारच्या हातात असल्यामुळे ते काही महिन्यांत जमले. वैयक्तिक पाळत पूर्ण संपली नाही. दारूच्या गुन्ह्यांत अडकलेल्यांची यादी दुकानात असे. काउंटरवरचा लाल दिवा अधूनमधून आपोआप पेटे, आणि तो पेटला की समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने ओळखपत्र दाखवायचे. मग नाव यादीत तपासायचे. कोणाकडे पाहून संशय घेतला असे होऊ नये म्हणून निवड यंत्रावर सोपवली होती. हा दिवा आणि यादी १९७७ मध्ये गेली. १९६९ मध्ये खरेदीचे वय २० वर आणले, ते आजही तेच आहे. १९५७ पासून कंपनीने लोकांना कडक दारूकडून वाईनकडे वळवण्याची मोहीम चालवली आणि दीर्घ मुदतीत स्वीडिश माणसाच्या ग्लासातले स्वरूप खरोखर बदलले.

यानंतरचे दोन बिअर-प्रयोग महाराष्ट्रातल्या वाचकाने नीट पाहावेत. १ ऑक्टोबर १९६५ पासून साडेचार टक्क्यांच्या आसपासची मध्यम बिअर किराणा दुकानात विकायला परवानगी दिली. तर्क सरळ होता: लोक कडक दारू सोडून हलक्या बिअरकडे येतील. लोक आले, पण कडक दारू सोडून नव्हे, तिच्या जोडीला. शिवाय शाळकरी पोरांच्या हाती बिअर पडली, कारण किराण्याच्या काउंटरवर वय तपासण्याची सवय कोणालाच नव्हती. १ जुलै १९७७ ला ही बिअर किराणा दुकानांतून काढून घेतली. दुसरा प्रयोग आणखी छोटा. नोव्हेंबर १९६७ मध्ये गोथेनबर्ग-बोहूस आणि वार्मलांड या दोन जिल्ह्यांत कडक बिअरही किराण्यात विकून पाहिली. १९६८ च्या अखेरपर्यंत चालवायचा बेत होता, पण खप इतका उसळला, विशेषतः तरुणांमध्ये, की १५ जुलै १९६८ लाच तो थांबवला. सिस्टेमबोलागेतमध्ये २१ ची अट होती, किराण्यात ती नव्हती. फट तिथेच होती. कित्येक दशकांनी अर्थशास्त्रज्ञांनी त्या महिन्यांत पोटात असलेल्या मुलांच्या पुढच्या आयुष्याची आकडेवारी तपासली. २१ वर्षांखालच्या मातांच्या त्या मुलांचे शिक्षण आणि प्रौढपणीची कमाई इतरांपेक्षा कमी आढळली. साडेआठ महिन्यांच्या सवलतीची किंमत एका पिढीच्या कमाईत दिसावी, हे धोरण आखणाऱ्यांनी विसरू नये असे आहे.

दुकानाच्या मांडणीत आणि वेळेतही असेच मोजूनमापून बदल झाले. जुन्या दुकानात काचेच्या कपाटात बाटल्या, हातात नंबरचा कागद, रांग, आणि काउंटरपलीकडचा विक्रेता. नव्वदीच्या आसपास स्वतः उचलून घेण्याची पद्धत निवडक ठिकाणी तपासली. खप वाढतो हे दिसले, तरी ग्राहकांचा रोष आणि युरोपातले दबाव पाहून ती हळूहळू सगळीकडे आणली. शनिवारची विक्री १९८२ मध्ये देशभर बंद केली होती. २००० मध्ये ती काही जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू केली, खप चारेक टक्के वाढला पण हाणामारीच्या गुन्ह्यांत फरक दिसला नाही, म्हणून २००१ पासून सर्वत्र खुली केली. आज दुकाने शनिवारी दुपारी तीनला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. साडेतीन टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेले काहीही घरी न्यायचे असेल तर तिथूनच न्यावे लागते. सुमारे साडेचारशे दुकाने आहेत, आणि खेड्यापाड्यांत किराणा दुकानदार ऑर्डर घेऊन पार्सल पोहोचवणारे एजंट म्हणून काम करतात.

किंमत कशी ठरते हा व्यवहारातला कळीचा भाग. पुरवठादाराची किंमत, अल्कोहोल कर, कंपनीचा ठरलेला वाढावा, आणि सगळ्यावर २५ टक्के मूल्यवर्धित कर. वाढावा म्हणजे ठरावीक टक्के अधिक प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम, आणि तो सर्व ब्रँडना सारखाच. त्यामुळे एखादी बाटली पुढे रेटण्यात कंपनीला जादा काही मिळत नाही. कर शुद्ध अल्कोहोलवर आहे, कडक दारूला लिटरमागे पाचशे क्रोनरहून (क्रोनर म्हणजे स्वीडनचे चलन) जास्त. ७०० मिलीची ४० टक्क्यांची बाटली घ्या. तिच्यात ०.२८ लिटर शुद्ध अल्कोहोल, म्हणजे किमान १४० क्रोनर कर. त्यावर मूल्यवर्धित कर धरला की १७५ क्रोनर आधीच झाले, अजून कारखानदाराला काही मिळालेलेच नाही. म्हणून स्वस्त कडक दारू नावाची गोष्ट तिथे असूच शकत नाही. एकाच मालाचा भाव देशभर एकच. ‘दोनवर एक फुकट’ नाही, खोक्यावर सूट नाही, सहाच्या पॅकमधला एक डबा सुटा घेतला तरी तोच दर. बिअर थंड करून विकत नाहीत, म्हणजे दाराबाहेर पडून लगेच उघडण्याचा मोह कमी. २५ पेक्षा लहान दिसणाऱ्याला ओळखपत्र विचारायचेच, आणि ते विचारले जाते का हे पाहायला कंपनी स्वतःच बनावट गिऱ्हाईक पाठवत राहते.

माल निवडण्याची पद्धतही मुद्दाम निर्विकार ठेवली आहे. ‘अमुक देशाची, अमुक द्राक्षाची, अमुक किमतीतली वाईन हवी’ अशी मागणी जाहीर होते, पुरवठादार नमुने पाठवतात आणि लेबल झाकून चव घेऊन गुण दिले जातात. ज्याला जास्त गुण, तो माल शेल्फवर. खपला नाही तर बाहेर. शिवाय यादीबाहेरची हजारो उत्पादने मागणीनुसार मागवता येतात. हे इतके काटेकोर असूनही २००३ मध्ये पुरवठादारांनी दुकानांच्या व्यवस्थापकांना भेटी आणि पैसे दिल्याचे उघड झाले, खटले चालले, शिक्षा झाल्या. कारण सरळ आहे: एकच विक्रेता असेल तर शेल्फवरची जागा सोन्याच्या मोलाची होते, आणि दुकानदाराच्या हातात थोडीशी मोकळीक उरली तरी तिथे लाच शिरते. मक्तेदारी चालवणाऱ्याने आतले ऑडिट खरेदीपेक्षा मांडणीवर जास्त ठेवले पाहिजे.

युरोपीय संघाने या व्यवस्थेला सर्वांत मोठा धक्का दिला. १ जानेवारी १९९५ ला स्वीडन सदस्य झाला आणि आयात, उत्पादन, ठोक विक्री यांची मक्तेदारी सोडावी लागली. ठोक विक्रीची जुनी सरकारी कंपनी स्पर्धेत उतरली आणि २००८ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट व्होडकासकट फ्रान्सच्या पेर्नो रिकारला विकली गेली. किरकोळ मक्तेदारी मात्र वाचली. सदस्यत्वाच्या पहिल्याच दिवशी एका किराणा दुकानदाराने मुद्दाम वाईन विकून खटला ओढवून घेतला. हा फ्रान्झेन खटला. २३ ऑक्टोबर १९९७ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की मालाच्या मूळ देशावरून भेदभाव होत नसेल तर आरोग्यासाठी अशी मक्तेदारी ठेवता येते. २००७ च्या रोसेनग्रेन निकालाने मात्र नागरिकाने परदेशातून वाईन मागवण्यावरची बंदी उडवली. २०२३ मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी ऑनलाइन विक्रेत्याला घरपोच विक्री करू दिली. प्रवाशांनी सोबत आणायच्या दारूवरचे जुने निर्बंध २००४ मध्ये संपले. त्याच्या थोडे आधी, ऑक्टोबर २००३ मध्ये, डेन्मार्कने कडक दारूवरचा कर जवळपास निम्म्यावर आणला होता आणि २००० मध्ये स्वीडनला डेन्मार्कशी जोडणारा ओरेसुंडचा पूल खुला झाला होता. परिणाम: दर प्रौढामागे शुद्ध अल्कोहोलचा खप २००४ च्या आसपास साडेदहा लिटरच्या घरात गेला, आणि नंतर हळूहळू उतरला. मक्तेदारीला असलेला लोकांचा पाठिंबाही २००० च्या सुमारास निम्म्यावर आला होता, तो पुढे सत्तर टक्क्यांच्या वर गेला. माल चांगला, कर्मचारी जाणकार आणि दुकाने नीटनेटकी असल्याशिवाय बंधने लोकांच्या गळी उतरत नाहीत, हे कंपनीने ओळखले होते.

सगळ्यात ताजी फट १ जून २०२५ ची. छोट्या उत्पादकांना आपल्या जागेवर, भेट आणि माहितीच्या कार्यक्रमासोबत, माणशी ०.७ लिटर कडक दारू, ३ लिटर वाईन आणि ३ लिटर कडक बिअर विकण्याची सहा वर्षांची प्रायोगिक मुभा मिळाली आहे. प्रमाण छोटे आहे. धोका कायदेशीर आहे: स्थानिक उत्पादकाला अशी खास सवलत दिली की ‘भेदभाव नाही’ हा फ्रान्झेन निकालाचा पाया ठिसूळ होतो.

आता भारताकडे. तमिळनाडूत १९८३ मध्ये टासमॅक ही सरकारी कंपनी ठोक विक्रीसाठी निघाली आणि नोव्हेंबर २००३ पासून किरकोळ विक्रीही तिच्याकडे आली. केरळची बेव्हरेजेस कॉर्पोरेशन १९८४ ची. छत्तीसगडने २०१७ मध्ये, आंध्रने २०१९ मध्ये दुकाने हाती घेतली. आंध्रात ओळखीचे ब्रँड गायब होऊन भलतेच ब्रँड आल्याची ओरड झाली आणि २०२४ मध्ये दुकाने पुन्हा खासगी झाली. दिल्लीने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये उलट केले, विक्री पूर्ण खासगी केली, लगेच ‘एकावर एक फुकट’ची झुंबड उडाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी महामंडळे परत आली. ही सगळी सरकारी दुकाने दिसायला स्वीडनसारखी आहेत, पण हिशेब वेगळा आहे. टासमॅककडून तमिळनाडू सरकारला २०२३-२४ मध्ये ४५ हजार कोटींहून जास्त मिळाले. स्वीडनमध्ये अल्कोहोल कर सरकारच्या एकूण करउत्पन्नाच्या एका टक्क्याहून कमी आहे. ज्या राज्याची शाळा, पेन्शन आणि पगार दारूवर अवलंबून आहेत, त्याला खप कमी झालेला परवडत नाही. हा १८७० च्या दशकातल्या गोथेनबर्ग नगरपालिकेचाच आजार आहे, फक्त आकाराने मोठा.

महाराष्ट्रात किरकोळ विक्री खासगी परवानाधारकांकडे आहे, आणि आपल्याकडे मोटबुकचा सांगाडाही आहे. १९४९ च्या कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा, बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वयाची अट आहे. पण परवाना काउंटरवर कोणी तपासत नाही. त्यामुळे सरकारी दुकानांची मागणी करण्याआधी उत्पादन शुल्क विभागाने ओळखपत्राची तपासणी खरी करून दाखवावी, असे मी म्हणेन. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याचा निर्णय घेतला होता. विरोधामुळे तो बारगळला. शेतकऱ्याचा फायदा हा त्यामागचा युक्तिवाद होता, आणि नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांची अडचण खरी आहे. पण हलके पेय किराण्यात ठेवले की लोक कडक सोडून तिकडे वळतील, ही अपेक्षा स्वीडनने १९६५ ते १९७७ अशी बारा वर्षे तपासून पाहिली आहे. तो निर्णय परत आला तर मसुद्यात तीन कलमे शोधावीत: वाईन विकणाऱ्या कॅशियरने वय तपासले नाही तर दंड कोणाला, दुकानदाराला वाईनच्या खपावर पुरवठादाराकडून कमिशन किंवा शेल्फभाडे घेता येईल का, आणि सूट-योजनांवर बंदी आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘घेता येईल’ असे असेल, तर पहिले आणि तिसरे कलम कितीही कडक लिहिले तरी ते कागदावरच राहील.